पाकीट उघडण्याआधी माप ठरवा : मेंदूतील फुग्यावर उपचार करणाऱ्या रुग्णालयांना खुले पत्र

प्रति,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील, मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर कॅथलॅबमध्ये उपचार करणाऱ्या रुग्णालयांची संचालक मंडळे व खरेदी समित्या यांस,

महोदय, महोदया,

मेंदूतील रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यावर, म्हणजे ॲन्युरिझमवर, जी जाळी बसवली जाते तिचे माप उपचाराआधी संगणकावर पडताळून घेण्याची सोय करावी, अशी लेखी विनंती मी आपल्या भागातील एका रुग्णालयाला केली होती. त्याला आलेले उत्तर थोडक्यात असे आहे, की मापाची निवड हा डॉक्टरांच्या अनुभवाचा विषय असल्याने खरेदी समितीला वेगळ्या संगणकीय सुविधेची गरज वाटत नाही. आणि एकदा उघडलेले साधन परत घेतले जात नसल्यामुळे त्याची किंमत रुग्णाच्या बिलात येणे स्वाभाविक आहे. या दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत, आणि केवळ खासगी पत्रव्यवहारात त्या मिटवाव्यात असेही मला वाटत नाही. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही. नंतर ज्या ज्या ठिकाणी मी चौकशी केली तेथे थोड्याफार फरकाने हीच पद्धत असल्याचे मला सांगण्यात आले, त्यामुळे हे पत्र मी सर्वांनाच लिहीत आहे.

माझा या विषयाशी संबंध माझ्या धाकट्या बहिणीमुळे आला. पलूस तालुक्यात तिची थोडी द्राक्षबाग आहे. सतत डोके दुखते म्हणून केलेल्या एमआरआयमध्ये तिच्या मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य धमनीवर फुगा दिसला. तो फुटलेला नव्हता, परंतु त्याचा आकार व जागा पाहता उपचार करावेत असे डॉक्टरांनी सांगितले आणि आम्ही ते मानले. मांडीतून कॅथेटर घालून जाळी बसवण्याचे ठरले. आत सोडलेली पहिली जाळी फुग्याच्या तोंडापर्यंत पुरली नाही. डॉक्टरांनी ती सावधपणे मागे ओढून बाहेर काढली आणि दुसरी, अधिक लांबीची जाळी बसवली. बहीण आज चांगली आहे. त्या डॉक्टरांच्या हाताबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे आणि या पत्रातील एकही तक्रार त्यांच्या कौशल्याविरुद्ध नाही. परंतु बिलात दोन्ही जाळ्या होत्या, प्रत्येकीची किंमत काही लाखांच्या घरात होती, आणि विमा कंपनीने न बसवलेल्या जाळीचे पैसे नाकारल्यामुळे ती रक्कम मेहुण्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढून भरली. मी स्वतः एका पंप कारखान्याच्या तपासणी विभागात नोकरी केली आहे. मापे घेणे आणि ती लिहून ठेवणे हेच माझे काम होते. त्यामुळे पहिली जाळी कोणत्या मापावरून निवडली हा प्रश्न मी विचारला, आणि त्या मापाची नोंद केस पेपरमध्ये कोठेही नाही असे मला आढळले.

वाचकांसाठी विषय थोडा उलगडून सांगणे आवश्यक आहे. प्रौढ माणसांपैकी साधारण शंभरात तिघांच्या मेंदूतील रक्तवाहिनीवर असा फुगा असतो, असा जगभरच्या पाहण्यांचा निष्कर्ष आहे. त्यांतील पुष्कळ फुगे आयुष्यभर फुटत नाहीत आणि लहान फुग्यांवर अनेकदा केवळ लक्ष ठेवले जाते. फुटला तर मात्र मेंदूभोवती रक्तस्राव होतो आणि जीव वाचला तरी अपंगत्व येऊ शकते. पूर्वी कवटी उघडून फुग्याच्या मुळाशी क्लिप लावणे हाच मुख्य मार्ग होता. अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी तशी पहिली शस्त्रक्रिया १९३७ मध्ये केली. १९९० च्या दशकात डॉ. गुग्लिएल्मी यांच्या प्लॅटिनमच्या कॉइल, म्हणजे फुग्यात भरायच्या बारीक तारेच्या गुंडाळ्या, आल्या, आणि क्लिप व कॉइल यांची तुलना करणाऱ्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,१४३ रुग्णांवरील आयसॅट चाचणीनंतर रक्तवाहिनीच्या आतून उपचार करण्याची पद्धत जगभर वेगाने पसरली. रुंद तोंडाच्या फुग्यांत कॉइल टिकत नाहीत, म्हणून पुढे फ्लो डायव्हर्टर नावाची विणलेली जाळी आली. पाइपलाइन या नावाच्या अशा जाळीला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तेथील औषधे व उपकरणांच्या नियामक संस्थेने, २०११ मध्ये मान्यता दिली.

ही जाळी फुग्यात भरली जात नाही. ती मूळ धमनीत, फुग्याच्या तोंडावरून आडवी बसते. तिच्यामुळे रक्ताचा जोर फुग्यात न वळता सरळ पुढे जातो, फुग्यातले रक्त हळूहळू गोठते आणि काही महिन्यांत जाळीवर धमनीचे नवे अस्तर वाढून तोंड बंद होते. हे सर्व घडायचे तर जाळी धमनीच्या भिंतीला सगळीकडून टेकलेली असावी लागते. ती सैल राहिली तर भिंत आणि जाळी यांच्यातील फटीतून रक्त फुग्यात जात राहते, फटीत गुठळी होऊ शकते किंवा जाळी जागेवरून सरकू शकते. ती गरजेपेक्षा मोठी घेतली तर पुरती उघडत नाही, तिची छिद्रे मोठी राहतात आणि रक्त वळवण्याचे कामच नीट होत नाही. ती जास्त लांब झाली तर शेजारच्या, डोळ्याकडे किंवा मेंदूच्या खोल भागाकडे जाणाऱ्या बारीक फांद्यांवरही येऊन बसते. आणि आखूड पडली तर काय होते, ते आमच्या घराने पाहिले आहे.

येथेच मापाचा प्रश्न अवघड होतो, आणि खरेदी समित्यांनी हा परिच्छेद कृपया सावकाश वाचावा. पाइपलाइनची मूळ जाळी ४८ तारांची विणलेली असते. ती व्यासात पाव-पाव मिलिमीटरच्या फरकाने आणि लांबीत १० ते ३५ मिलिमीटरपर्यंतच्या अनेक मापांत मिळते. पाकिटावर छापलेली लांबी ही जाळी तिच्या ठरलेल्या व्यासापर्यंत पूर्ण उघडली तरच खरी असते. स्वेटरची बाही ओढली की ती अरुंद आणि लांब होते, तसेच या विणीचे आहे: धमनी जितकी अरुंद, तितकी जाळी लांब राहते. आता धमनी सरळ, एकसारख्या व्यासाची नळी नसते. ती खालच्या बाजूला चार मिलिमीटर असेल तर वर तीनच्या आसपास येते, मध्ये वळणे घेते, आणि वळणाच्या आतल्या व बाहेरच्या बाजूला विणीची दाटी वेगवेगळी होते. म्हणजे छापील लांबी एक, आणि त्या विशिष्ट माणसाच्या त्या विशिष्ट धमनीत मिळणारी लांबी दुसरी. दोन ठिकाणचे व्यास पडद्यावर मोजून, मनात अंदाज करून लांबी निवडणे अनुभवी डॉक्टरांना बहुतेक वेळा जमते, हे मला मान्य आहे. ज्या वेळी जमत नाही, त्या वेळी पाकीट उघडून झालेले असते. फुग्याच्या आतच बसणाऱ्या वेब नावाच्या साधनाचीही अडचण याच जातीची आहे: ते फुग्यापेक्षा थोडे रुंद निवडावे लागते, आणि बाजूंनी दाबले गेले की त्याची उंची वाढते.

हा हिशेब संगणक करू शकतो. उपचाराआधीच्या अँजिओग्राफीत यंत्र रुग्णाच्या डोक्याभोवती फिरवून धमन्यांचे त्रिमितीय चित्र घेतले जाते. त्या चित्रातून धमनीची आतली पोकळी वेगळी काढून, तिच्यात निवडलेल्या मापाची जाळी कोठे सुरू होईल, कोठे संपेल, कोठे भिंतीला टेकेल आणि कोठे टेकणार नाही, हे सॉफ्टवेअर काही मिनिटांत दाखवते. एका मापाऐवजी चार मापे बसवून पाहता येतात, आणि त्यासाठी एकही पाकीट उघडावे लागत नाही. फ्रान्समधील माँपेलिये येथील सिम अँड क्युअर या कंपनीचे सिम अँड साइझ, तसेच इंग्लंडमधील ऑक्सफर्ड हार्टबीटचे प्रीसाइझ ही अशा सॉफ्टवेअरची उदाहरणे आहेत. सिम अँड साइझला युरोपचे सीई चिन्ह आणि अमेरिकेच्या एफडीएची परवानगी दोन्ही आहेत. मी कोणत्याही कंपनीसाठी शब्द टाकत नाही. ही गोष्ट प्रयोगशाळेतली राहिलेली नाही, एवढेच मला दाखवायचे आहे.

या साधनाच्या मर्यादाही मी जाणतो. मूळ चित्र अस्पष्ट असेल किंवा पोकळीची कड चुकीची ओढली गेली तर उत्तरही चुकीचे येईल. रक्त नेमके कधी गोठेल, फुगा किती दिवसांत बंद होईल, गुठळी होऊ नये म्हणून रुग्णाला दिलेल्या गोळ्या किती लागू पडतील, हे अशी मापाची गणना सांगत नाही. जाळी सोडताना डॉक्टर ती किंचित ढकलतात किंवा ओढतात, त्यानेही लांबी बदलते. आधी गणना केल्याने साधने बदलण्याची वेळ कमी आली आणि उपचाराचा वेळ घटला असे सांगणारे अभ्यास प्रसिद्ध झालेले आहेत, परंतु त्यांतील बरेचसे एकेका केंद्राचे आणि मागील नोंदी तपासून केलेले आहेत, हेही मी नमूद करतो. शेवटचा निर्णय डॉक्टरांचाच राहील आणि राहिला पाहिजे. पण तो निर्णय घेताना त्यांच्यासमोर गणना असू नये, असे म्हणण्याला मला कोणतेही वैद्यकीय कारण दिसत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी, की ही सोय मोठ्या शहरांसाठी असून आपल्या भागाला तिची गरज नाही, असा सूर मला वारंवार ऐकू आला. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या केंद्रात अनेक मापांचा साठा कपाटात असू शकतो. एक माप बसले नाही तर दुसरे हाताशी असते. आपल्याकडे वितरक त्या दिवसापुरती मोजकी मापे घेऊन येतो आणि जे आणले आहे त्यातूनच निवड करावी लागते. हवे असलेले माप त्या पेटीत नसेल तर जवळचे माप वापरायचे, की रुग्णाला टेबलावरून उतरवायचे, असा पेच डॉक्टरांसमोर उभा राहतो. न फुटलेल्या फुग्याच्या बाबतीत अँजिओग्राफी आणि प्रत्यक्ष उपचार यांच्यात बहुधा काही दिवस असतात. त्या दिवसांत गणना झाली तर नेमके माप आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे एकेक माप पुण्याहून आदल्या रात्री निघून सकाळी मिरजेत किंवा कराडमध्ये पोहोचू शकते. साठा जेथे कमी, तेथेच आधीच्या हिशेबाचे मोल जास्त. जत, आटपाडी, माण, खटाव येथून येणारी माणसे पुन्हा तारीख घेऊन येण्याइतकी मोकळी नसतात. कोणाची ऊसतोड सुरू असते, कोणाच्या घरी जनावरांकडे पाहायला माणूस नसतो.

दुसरी तक्रार पैशांची आहे, पण ती केवळ माझ्या घरच्या पैशांची नाही. न बसलेल्या साधनाची किंमत जर नेहमी रुग्णच देणार असेल, तर माप चुकण्याची झळ ज्याने माप निवडले त्याला, ज्याने साधन विकले त्याला किंवा ज्याने सोय नाकारली त्याला, कोणालाच लागत नाही. सॉफ्टवेअर महाग आहे असे सांगणाऱ्या समितीने गेल्या वर्षी किती साधने उघडून टाकून द्यावी लागली आणि त्यांची किंमत किती झाली, हा आकडा शेजारी मांडून मग महाग-स्वस्त ठरवावे. हा आकडा मी मागितला होता. तशी नोंद ठेवली जात नाही असे मला तोंडी सांगण्यात आले. हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरवून दिली, त्यामुळे सामान्य माणसाला त्या दराची थोडी तरी कल्पना असते. मेंदूच्या जाळीच्या बाबतीत नातेवाइकांच्या हाती फक्त अंदाजपत्रक असते, आणि त्या अंदाजपत्रकात दुसऱ्या जाळीचा उल्लेखही नसतो.

तिसरी तक्रार संमतीपत्रकाची. पक्षाघात, रक्तस्राव, मृत्यू हे सर्व धोके त्यावर छापलेले असतात आणि ते असलेच पाहिजेत. परंतु निवडलेले माप बसले नाही तर दुसरे साधन लागू शकते, त्याने उपचाराचा वेळ, क्ष-किरणांची मात्रा व खर्च वाढू शकतो, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आम्ही नकार दिला नसता. आम्हाला ठाऊक असायला हवे होते, इतकेच.

चौथी, नोंदींची. बहिणीच्या डिस्चार्ज कार्डसोबत मिळालेल्या सीडीत निवडक सपाट चित्रे आहेत. ज्या त्रिमितीय चित्रावरून माप घेतले ते त्यात नाही. दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवायचे झाले तर सपाट चित्रांवरून माप पडताळता येत नाही. मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत लिहिलेले आहे. त्रिमितीय चित्र हीसुद्धा नोंदच आहे.

आणखी एक बाब सांगितलीच पाहिजे. काही ठिकाणी मला असे उत्तर मिळाले, की वितरकाचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो आणि तो माप सुचवतो, मग वेगळी सोय कशाला? साधन विकणाऱ्याने साधनाचे माप सुचवावे, ही सोय म्हणून मला मान्य नाही. त्याच्या पेटीत जे आहे त्याकडे त्याचा कल झुकणे अगदी शक्य आहे, तो माणूस प्रामाणिक असला तरीही. शिवाय रुग्णाचे चित्र रुग्णालयाबाहेरच्या लॅपटॉपवर जाणार असेल तर ते नाव काढून, रुग्णाला विचारून गेले पाहिजे. गणना रुग्णालयाच्या यंत्रावर, रुग्णालयाच्या डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षित तंत्रज्ञाने करावी. वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत केंद्र सरकारने २०२० मध्ये सॉफ्टवेअरचाही समावेश केलेला आहे, तेव्हा परवाना असलेलेच सॉफ्टवेअर वापरले जाईल हे पाहणेही आपल्याकडेच येते.

यावरून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

आधी ठरवून केल्या जाणाऱ्या प्रत्येक उपचारात, जाळी किंवा फुग्यातील साधन मागवण्यापूर्वी त्रिमितीय चित्रावर संगणकीय गणना करावी आणि तिचा छापील निष्कर्ष केस पेपरला जोडावा. जोपर्यंत सॉफ्टवेअर उपलब्ध नाही तोपर्यंत किमान कोणत्या ठिकाणी कोणता व्यास मोजला, कोणती मापे विचारात घेतली आणि का नाकारली, हे डॉक्टरांनी हाताने लिहून ठेवावे. याला एक रुपयाही लागत नाही आणि हे उद्यापासून सुरू करता येते. फुटलेल्या फुग्याच्या तातडीच्या उपचारात ही अट लावू नये, वेळ असेल तरच गणना करावी.

प्रत्येक रुग्णालयाने स्वतंत्र सॉफ्टवेअर घ्यावे असा माझा हट्ट नाही. सांगली, मिरज, कराड आणि सातारा येथील रुग्णालयांनी मिळून एक सामायिक सोय उभी करावी. मिरज आणि सातारा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनाही तीत सामील करून घ्यावे, म्हणजे तेथे शिकणाऱ्या डॉक्टरांना हे काम पाहता येईल. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी तेथे रुग्णालयाचे काम सुरू केल्यापासून मिरजेला लांबलांबून रुग्ण येतात. इतक्या जुन्या वैद्यकीय परंपरेच्या गावात एकत्र येऊन एक संगणकीय सोय घेणे अशक्य आहे, हे मला पटत नाही.

उघडलेल्या प्रत्येक साधनाचे स्टिकर, ते बसवलेले असो वा नसो, रुग्णाच्या कागदपत्रांत लावावे. न बसवलेल्या साधनाची किंमत कोण देणार हे उपचाराआधी लेखी ठरलेले असावे. आधी गणना किंवा मापाची नोंद केलेली नसेल तर ती किंमत रुग्णाकडून घेऊ नये. गणना करूनही साधन बदलावे लागले, तर भार रुग्णालय आणि वितरक यांनी वाटून घ्यावा आणि तशी अट वितरकाशी होणाऱ्या करारातच घालावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील विमासंरक्षण १ जुलै २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये झाले आहे. त्या योजनेत प्रत्येक उपचाराला ठरावीक दर असतो, म्हणून योजनेच्या रुग्णाकडून वाया गेलेल्या साधनाचे पैसे वेगळ्या मार्गाने वसूल केले जाणार नाहीत, असे लेखी आश्वासन प्रत्येक रुग्णालयाने द्यावे.

संमतीपत्रकात साधन बदलण्याच्या शक्यतेचा मराठीत स्पष्ट उल्लेख करावा आणि मूळ त्रिमितीय चित्रे रुग्णाला मागणीविना द्यावीत. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आपल्या दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहेच. तिच्याच शेजारी, वर्षभरात अशी किती साधने उघडली गेली आणि किती बसवली गेली, हे दोन आकडे दर वर्षी लावावेत. रुग्णांची नावे नकोत, डॉक्टरांची नावेही नकोत.

या पत्राची प्रत मी दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवत आहे. आपल्या संचालक मंडळाच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा आणि वरीलपैकी कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही व का नाही, हे तीन महिन्यांच्या आत लेखी कळवावे. येणारी उत्तरे मी जशीच्या तशी प्रसिद्ध करीन; एखाद्या रुग्णालयाने ही पद्धत आधीच सुरू केली असेल तर तेही त्याच ठळकपणे छापीन. तांत्रिक बाजूने माझे काही चुकत असल्यास आपल्या न्यूरोसर्जन किंवा न्यूरोरेडिऑलॉजिस्ट डॉक्टरांनी ते दाखवून द्यावे, त्यासाठी मी कोणत्याही दिवशी आपल्याकडे येऊन बसायला तयार आहे. बहिणीची पुढची अँजिओग्राफी व्हायची आहे. तिच्या सर्व कागदांच्या प्रती, तिच्या संमतीने, मी त्या वेळी सोबत आणीन.

आपला,
एका रुग्णाचा भाऊ,
तालुका पलूस, जिल्हा सांगली